चोर वरून येत नाही: बडोद्यातल्या एका अगाशीवरच्या उजेडाचं प्रकरण

पार्श्वभूमी

वाघोडिया रोडच्या आतल्या बाजूची ही सोसायटी. दोन विंग, पाच मजले, चाळीस घरं. सोसायटीचं नाव नको, माणसांचीही नकोत. ज्यांचं त्यांना वाचल्याबरोबर कळेलच. मी त्या वर्षी कमिटीत खजिनदार होते आणि अगाशीवर तारे बघणाऱ्या मंडळींतही होते. म्हणजे ज्या दिव्यांनी आमचं आकाश घालवलं, त्यांच्या बिलावर सही माझी आहे. हे आधीच सांगितलेलं बरं.

गच्चीला आम्ही बडोदेकर अगाशी म्हणतो. चाळीसातली चौदा घरं मराठी, बरीचशी दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या वाड्यांतून वाटण्या होऊन इकडे आलेली. उत्तरायणाला अख्खं बडोदं अगाशीवर असतं. आमचं वर्षभर असायचं. गणिताचे एक निवृत्त मास्तर, ज्यांना गुजराती शेजारीही ‘सर’ म्हणतात, त्यांची साडेचार इंची दुर्बीण आणि आम्ही दहा-बारा जण. दर अमावास्येच्या आसपासचा शनिवार, चहाचा थर्मास, एक सतरंजी.

शहरातलं आकाश म्हणजे काही फार मोठी मिजास नव्हती. पश्चिमेकडे सगळं शहर, तिकडचा भाग कायम पिठूळ. पण दक्षिणेला मोकळे प्लॉट आणि मैदान, त्यामुळे ती बाजू जमिनीपर्यंत स्वच्छ. बडोदं २२.३ अंश अक्षांशावर आहे, म्हणून अगस्त्य हा तेजस्वी तारा इथे दक्षिण क्षितिजापासून जास्तीत जास्त १५ अंश वर येतो. हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश, असा सरांचा हिशोब. ‘व्याधापासून सरळ खाली या, जमिनीच्या वर दीड मूठ,’ हे वाक्य सोसायटीतल्या पोरांना पाढ्यासारखं पाठ होतं.

दिवे कसे आले

ऑक्टोबर २०२३, नवरात्रातली सातवी रात्र. सगळे गरब्याला गेलेले, गेट सताड उघडं, आणि पार्किंगमधून एक स्कूटर गेली. सीसीटीव्हीत दिसला तो एक काळा आकार.

दसऱ्यानंतर तातडीची मीटिंग झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या एक वहिनी दुकानात काम करतात, रात्री साडेदहाला एकट्या परततात. त्या म्हणाल्या की मला पार्किंगमध्ये पाय ठेवायची भीती वाटते. यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं, आणि आजही नाही. सहा फोकस घ्यायचे ठरले. दुकानदार, इलेक्ट्रिशियन आणि आपण सगळेच ज्याला अजून ‘हॅलोजन’ म्हणतो ते, प्रत्यक्षात १०० वॅटचे एलईडी. दुकानात पांढरेशुभ्र, ६५०० केल्विनचेच (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) होते, तेच आणले. चार कंपाउंडला, दोन अगाशीवर पाण्याच्या टाकीच्या कठड्याला, बाहेर मैदानाकडे तोंड करून. दिवाळीच्या आत लागले. मीटिंगमध्ये कोणीही विचारलं नाही की यांची तोंडं किती अंशांत वळवायची. मीही नाही.

अडचण

१४ डिसेंबर २०२३ ची रात्र आम्ही सहा महिने आधी कॅलेंडरवर गोल करून ठेवली होती. मिथुन राशीतून येणारा जेमिनिड उल्कावर्षाव वर्षातला सर्वांत भरवशाचा. फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या मागे उरलेली ही धूळ. खऱ्या अंधाऱ्या जागी तासाला शंभरच्या वर उल्का दिसू शकतात. त्या वर्षी अमावास्या आदल्याच दिवशी येऊन गेलेली, चंद्राचा त्रास शून्य. एवढं जुळून येणं दुर्मीळ.

दोन तासांत आम्हाला अकरा दिसल्या. आमच्यापैकी निम्मे टाकीच्या सावलीत, भिंतीला पाठ लावून उकिडवे बसले होते, कारण तेवढ्याच पट्ट्यात डोळ्यांवर फोकस येत नव्हता. सरांनी त्या रात्री वहीत कृत्तिकांच्या पुंजक्यातले तारे मोजून लिहिले: पाच जणांनी पाहिलं, कुणाला दोन, कुणाला तीन, सरांना एकही नाही. निरभ्र आकाशात साध्या डोळ्यांना सहा दिसायला हव्यात. ही नोंद त्यांनी निव्वळ रागाने केली होती. पुढे तीच कामाला आली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी आम्हाला तेव्हा नीट कळत नव्हती. उजेडाचं नुकसान दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे साऱ्या शहराचा उजेड हवेतल्या धुळीवर, बाष्पावर आपटून आकाशच उजळतं. निळसर-पांढरा उजेड पिवळसरपेक्षा जास्त विखुरतो, म्हणून नव्या पांढऱ्या एलईडीत हे वाढतं. त्यावर एका सोसायटीच्या हातात फारसं काही नाही. दुसरं म्हणजे दिवा थेट डोळ्यांत येणं. डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि प्रखर दिव्याकडे एकदा पाहिलं की ती मोडते. आमचं दुखणं मुख्यतः हे दुसरं होतं. आम्ही मात्र पहिल्यावरच बोलत बसलो.

कोणते पर्याय समोर होते

सर्वांत सोपा पर्याय होता शहराबाहेर जाण्याचा. पूर्वेला जांबुघोडा, नाहीतर पश्चिमेला समुद्र. १० फेब्रुवारी २०२४ ला, अमावास्येला लागून आलेला शनिवार साधून आम्ही कावी-कंबोईला गेलो. बडोद्याहून साधारण ७५ किलोमीटर, खंभातच्या आखाताच्या काठावर. स्तंभेश्वर महादेवाची पिंडी भरतीला बुडते ते ठिकाण. खाडीच्या बाजूला काळोख इतका दाट की महाश्व तारकासमूहाचा चौकोन पाण्याकडे कलंडताना शेवटपर्यंत दिसला. एका लहान मुलीने ‘हे ढग का?’ म्हणून ययाती तारकासमूहाजवळची आकाशगंगा दाखवली. तिने ती आधी कधी पाहिलीच नव्हती.

पण समुद्रकाठाचे स्वतःचे हट्ट असतात. तारे बघायला अमावास्या हवी आणि अमावास्येलाच उधाणाची भरती. खंभातच्या आखातात पाणी देशात सर्वांत उंच चढणाऱ्यांपैकी, त्यामुळे काठाला पुढे जाऊन बसायची सोय नाही, मागेच राहायचं. मागे म्हणजे पार्किंगच्या दिव्यांजवळ. दमट खारी हवा दिव्याचा उजेड धरून ठेवते. प्रत्येक दिव्याभोवती वाटीएवढं कडं. नऊ वाजेपर्यंत दुर्बिणीच्या फाइंडरवर, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीवर, दव जमलं. दक्षिणेला दहेजकडचा कारखान्यांचा उजेड, आणि अगस्त्य नेमका त्यातच. म्हणजे ज्याच्यासाठी गेलो तो घरच्याइतकाच केविलवाणा. परत यायला दीड वाजला. बारा घरांपैकी पाचच येऊ शकली होती. वर्षातून एकदा जायला उत्तम, पण दर महिन्याला नाही.

दुसरा पर्याय होता तक्रारीचा. कोणाकडे करायची? आवाजासाठी २००० सालचे नियम आहेत, रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद करायला लावता येतो. उजेडासाठी आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही. शिवाय दिवे आमचेच होते. स्वतःच्याच विरोधात तक्रार कुठे नेणार?

तिसरा पर्याय म्हणजे अमावास्येच्या शनिवारी दोन तास सगळे फोकस बंद ठेवायचे. चौथा, दिव्यांचं तोंड आणि वॅट बदलायचे. चौथा पर्याय तेव्हा यादीत असूनही कोणी गांभीर्याने घेतला नाही, कारण तो कंटाळवाणा होता.

पहिला प्रयत्न, आणि तो का फसला

मार्च २०२४ च्या जनरल बॉडीत आम्ही तिसरा पर्याय मांडला. सरांनी दोन पानी पत्र तयार केलं होतं. २०१६ च्या जागतिक नकाशानुसार जगातल्या ८० टक्क्यांहून जास्त लोकांवर कृत्रिम उजेडाचं आकाश आहे आणि तिघांतल्या एकाला आकाशगंगा दिसत नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाला त्याच जानेवारीत भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली आहे. लडाखच्या हानलेत २०२२ पासून राखीव अंधारक्षेत्र आहे. सगळं खरं, सगळं तळमळीने लिहिलेलं.

सेक्रेटरीभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘सर, पेंचमध्ये पार्किंग आहे का?’ हशा पिकला. मग वहिनी उठल्या. त्यांनी एवढंच विचारलं की ते दोन तास साडेदहाला धरून असतील का. आमच्या पत्रात याचं उत्तर नव्हतं, कारण आम्ही तो विचारच केला नव्हता. ठराव नऊ विरुद्ध बावीस असा पडला. मी खजिनदार म्हणून टेबलाच्या पलीकडे बसले होते आणि खरं सांगते, मला वहिनींच्या बाजूने हात वर करावासा वाटला.

आम्ही अंधार मागत होतो. ज्या जागी काही महिन्यांपूर्वी चोरी झाली तिथे, ज्यांना भीती वाटते त्यांच्याकडे.

वळण कुठे आलं

वॉचमनकाकांना कोणीही विचारलेलं नव्हतं. एप्रिलमध्ये एका रात्री पाण्याचा टँकर उशिरा आला म्हणून मी खाली होते, आणि पाहिलं की काका गेटवर कपाळाला आडवा हात धरून उभे आहेत, दुपारच्या उन्हात धरतात तसा. गेटसमोरचा फोकस समोरच्या भिंतीवरून थेट त्यांच्या डोळ्यांत येत होता. ते म्हणाले, या दिव्यामुळे रस्त्यावरचा माणूस अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. आणि चोर काही वरून येत नाही, मग निम्मा उजेड आंब्याच्या झाडावर कशाला?

दुसऱ्या दिवशी मी सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग उघडलं. फोकस लागल्यापासून गेटच्या कॅमेऱ्यात काय दिसतं? एक पांढरा गोळा आणि त्याच्याखाली काळी माणसं. चित्रात प्रखर दिवा आला की कॅमेरा आपला डोळा बारीक करतो आणि बाकी सगळं काळवंडतं. म्हणजे स्कूटर नेणारा पुन्हा आला असता तर पुन्हा काळा आकारच मिळाला असता. सहाशे वॅट खर्च करून आम्ही चोराचा चेहरा झाकला होता.

या क्षणी मागणी बदलली. दिवे बंद करा, असं म्हणायचं नाही. दिवे खाली वळवा.

काय केलं

आधी एकच दिवा, गेटचा, आणि तोही सेक्रेटरीभाईंच्या देखत. या फोकसला मागे इंग्रजी ‘यू’च्या आकाराची पट्टी असते आणि दोन बाजूंना दोन नटबोल्ट. ते सैल करून दिवा इतका झुकवला की काच जमिनीला समांतर झाली. सगळं काम पाच मिनिटांचं, खर्च शून्य. तरी कडेने उजेड डोळ्यांत येत होता. मग सरांनी पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तीन बाजूंची झालर केली आणि आतून काळा रंग मारला. बडोद्याच्या घरात रिकामा तेलाचा डबा नाही असं होत नाही.

कसोटी वहिनींनी ठरवली: पार्किंगमधल्या दुचाकीची नंबरप्लेट दहा पावलांवरून वाचता आली पाहिजे. हे मोजमाप आमच्या सगळ्या यंत्रांपेक्षा चांगलं होतं, कारण ते सगळ्यांना समजत होतं. १०० वॅटचा काढून २० वॅटचा पिवळसर लावला, तेव्हा आकडे वाचता येईनात. ३० ला आले. ते ३००० केल्विनचे फोकस दुकानात नव्हते, मागवावे लागले, आठवडा गेला.

आकाशासाठीही एक साधी कसोटी लागणार होती. कृत्तिका तोवर सूर्याच्या आड गेलेल्या, म्हणून सप्तर्षी घेतले. वसिष्ठाशेजारची अरुंधती साधारण चौथ्या प्रतीची (प्रत जितकी मोठी तितका तारा मंद), शहरात अगदी काठावर दिसणारी. लग्नात भटजी नवरानवरीला वर बघायला लावतात ती हीच, आणि हल्ली बहुतेक जोडपी हॉलच्या छताकडे बघून ‘दिसली’ म्हणतात. आम्ही दहा जणांना अगाशीवर नेलं. टाकीवरचे दोन्ही फोकस चालू असताना तिघांना दिसली. ते बंद करून वीस मिनिटं थांबल्यावर आठांना. उरलेल्या दोघांपैकी एकांना मोतीबिंदू आहे; ते म्हणाले, मला तारा नकोच, पण पार्किंगच्या पायरीवर डोळे दिपतात तेवढं थांबवा. त्यांचं ते वाक्य पुढच्या मीटिंगमध्ये सरांच्या दोन पानांपेक्षा जास्त चाललं.

त्या मीटिंगमध्ये मी फक्त तीन गोष्टी टेबलावर ठेवल्या. गेटच्या कॅमेऱ्याची आधीची आणि नंतरची दोन चित्रं. कॉमन मीटरचा हिशोब: सहा दिवे, १०० वॅट, ११ तास, म्हणजे रात्रीला ६.६ आणि महिन्याला १९८ युनिट. नव्या मांडणीत चार दिवे ३० वॅटचे, महिन्याला ४० युनिटच्या आत. आणि टाकीवरच्या दोन फोकसना वेगळा स्विच, टाकी दुरुस्तीला किंवा कोणी अगाशीवर कार्यक्रम केला तर लावण्यासाठी. तारे हा शब्द मी उच्चारला नाही. ठराव एकमताने झाला.

जे बिघडलं

सगळं काही सुरळीत झालं असं नाही. सरांनी उत्साहाने पत्र्याची झालर मागपर्यंत नेली होती, त्यामुळे दिव्याच्या पाठीवरचे उष्णता सोडणारे पंख झाकले गेले. एक दिवा जुलैत तापून गेला. दुसऱ्याच्या पत्र्यात पावसाचं पाणी साठलं. तेव्हापासून मागची बाजू उघडी आणि खालच्या कोपऱ्यात एक भोक.

मागच्या गल्लीत सेन्सरचा दिवा लावायचा, हे माझं डोकं. मांजर गेलं की दिवा लागे, विझे, पुन्हा लागे. तळमजल्यावरच्या काकूंना वाटे कोणी टॉर्च मारतंय. महिन्याभरात तो काढून तिथेही साधा ३० वॅटचा लावला. म्हणजे चाराचे पाच झाले आणि माझा हिशोब थोडा चुकला.

मैदानावरच्या गरब्याच्या फ्लडलाइटचं काय करायचं, यावर मंडळींत खरा वाद झाला. दोघांना आयोजकांना भेटायचं होतं. सरांनी पंचांग काढलं. नवरात्र अमावास्येनंतर सुरू होतं, शुक्ल पक्षातच. चौथ्या-पाचव्या माळेपासून चंद्र तसाही संध्याकाळ खातो आणि मग कोजागिरी येते. म्हणजे वर्षाला तीन-चार रात्रींसाठी अख्ख्या गावाशी भांडण. विषय तिथेच मिटला. उलट त्या नऊ रात्री मुली दोन-दोन वाजता परततात म्हणून गल्लीच्या बाजूला जास्तीचा दिवा आम्हीच लावतो.

निकाल

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू दसऱ्यानंतर पश्चिमेला संध्याकाळी दिसू लागला. गरबा संपलेला, कोजागिरी तोंडावर, चंद्र मोठा, आणि धूमकेतू नेमका शहराच्या पिठूळ बाजूला. तरीही साध्या द्विनेत्रीतून शेपटी दिसली. तेवीस जण अगाशीवर होते, त्यात सेक्रेटरीभाई होते. टाकीवरचे फोकस चालू असते तर तिकडे तोंड करून उभंही राहता आलं नसतं.

जानेवारी २०२५ मध्ये त्याच पाच जणांनी कृत्तिका पुन्हा मोजल्या. चार, चार, पाच, पाच, सरांना तीन. आकाशगंगा अगाशीवरून दिसत नाही आणि दिसणारही नाही. शहराचा उजेड होता तेवढाच आहे, किंबहुना वाढतोच आहे. आम्ही परत मिळवली ती डोळ्याची सवय.

चोरी त्यानंतर झालेली नाही. पण त्याच सुमारास गेटला रात्री दहानंतर कुलूप लागू लागलं, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं ते मी सांगू शकत नाही. वहिनींचं मत अजूनही असं की पिवळा उजेड उदास वाटतो. त्यांच्या जिन्याजवळचा दिवा म्हणून पांढराच ठेवला आहे, झालर लावून.

पुन्हा करायचं झालं तर

दिवे लावण्याआधीच्या रात्रीचा एकही फोटो आमच्याकडे नाही. मोबाइलवर सेटिंग पक्कं करून, एकाच कोपऱ्यातून, महिन्याला एक फोटो घेतला असता तरी अर्धे वाद झाले नसते. रागाने लिहिलेली एक ओळ हाताशी होती म्हणून निभावलं.

वॉचमनकाकांना पहिल्या दिवशी विचारलं असतं तर पाच महिने वाचले असते. रात्रभर त्या उजेडात राहणारा तो एकच माणूस होता, आणि मीटिंगला त्याला खुर्ची नव्हती.

बिलावर सही करताना मी वॅट पाहिले, किंमत पाहिली, गॅरंटी पाहिली. रंग आणि कोन पाहिले नाहीत. आता कुठल्याही सोसायटीतून फोन आला की मी आधी विचारते, दिव्याची काच कुठे बघतेय?

सरांच्या पत्राबद्दल माझं आणि त्यांचं अजून जमत नाही. त्यांच्या मते ते पत्र वाचलं गेलं म्हणूनच नंतर लोक धूमकेतू बघायला वर आले. असेलही.

दक्षिणेच्या मोकळ्या प्लॉटवर आता बांधकाम सुरू झालं आहे. सरांनी परवा कोनमापक धरून पाहिलं: आठव्या मजल्याचा स्लॅब पडला की आमच्या कठड्यावरून ती इमारत ११ अंशांपर्यंत येते. अगस्त्य १५ वर. बिल्डर म्हणतो, वर अजून दोन मजल्यांची परवानगी आहे.